डॉन किहोतेचे वेड आणि शहाण्यांचे फर्मान

डॉन किहोते म्हटले की पवनचक्क्या आठवतात. हाडकुळ्या घोड्यावर बसलेला, पणजोबांचे गंजके चिलखत अंगावर चढवलेला एक माणूस भाला सरसावून पवनचक्कीवर धावून जातो आणि तोंडावर आपटतो. ज्यांनी ही स्पॅनिश कादंबरी कधी उघडलेली नाही, त्यांनाही हे चित्र ठाऊक असते. हा प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात आहे. बहुतेकांची या पुस्तकाशी ओळख तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. पण लगेच पुढच्या, नवव्या प्रकरणात लेखक एक वेगळीच गोष्ट सांगतो. तो म्हणतो, ही हकीकत मुळात अरबीत लिहिलेली आहे आणि ती लिहिणारा इतिहासकार मुसलमान आहे. त्याचे नाव सीदी हामेते बेनेनहेली.

सीदी म्हणजे अरबीतले 'सय्यिदी', माझे स्वामी. जंजिऱ्याच्या सिद्दींचे नावही याच शब्दावरून आल्याचे मानले जाते. युरोपातली पहिली आधुनिक कादंबरी म्हणून जिचा गौरव होतो, तिचा 'खरा' कर्ता एक सीदी असावा, हा योगायोग नाही. मिगेल दे सर्वांतेसने हे जाणूनबुजून केले आहे. त्याने हे का केले असावे, आणि त्या काळात स्पेनमध्ये काय चालले होते, हे पाहिले की पवनचक्क्यांचा विनोदही वेगळा दिसू लागतो.

आधी थोडक्यात गोष्ट. ला मांचा प्रांतातल्या एका गावात पन्नाशीला टेकलेला आलोन्सो किहानो नावाचा मध्यम स्थितीतला जमीनदार राहतो. त्याला वीरकथा वाचण्याचे व्यसन आहे. राक्षस मारणारे, राजकन्या सोडवणारे, जादूगारांशी झुंजणारे सरदार हे त्या कथांचे नायक. पुस्तकांपायी तो जमीनही विकतो. झोप कमी आणि वाचन जास्त असे होऊन त्याचा मेंदू सुकून जातो, असे सर्वांतेस म्हणतो. मग तो स्वतःला 'डॉन किहोते' हे नाव घेतो, म्हाताऱ्या घोड्याचे नाव 'रोसिनान्ते' ठेवतो आणि शेजारच्या गावातल्या एका शेतकरी मुलीला 'दुल्सिनेया' नावाची राजकन्या ठरवून जगातला अन्याय दूर करायला निघतो. सोबत गाढवावर बसलेला शेजारी सांचो पान्सा. त्याला एका बेटाचा सुभेदार करण्याचे वचन दिलेले आहे.

उर्दू वाचणाऱ्यांना ही दुनिया परकी वाटणार नाही. आपल्याकडची 'दास्तान-ए-अमीर हमजा' आठवा. तिलिस्म, देव, पऱ्या, अय्यार आणि कधीही न हरणारा नायक. लखनऊच्या नवलकिशोर प्रेसने ही दास्तान 46 खंडांत छापली आणि लोकांनी ती आवडीने वाचली. त्याच लखनऊच्या पंडित रतननाथ सरशार यांनी डॉन किहोते उर्दूत आणला तेव्हा त्याचे नाव ठेवले 'खुदाई फौजदार'. नाव अगदी नेमके आहे. कोणी नेमलेले नसताना जो स्वतःच जगाचा बंदोबस्त करायला निघतो, त्याला उर्दूत खुदाई फौजदार म्हणतात. असे फौजदार ओळखायला आपल्याला स्पेनला जावे लागत नाही.

आता ते नववे प्रकरण. आठव्याच्या शेवटी डॉन किहोते आणि एक बास्क माणूस तलवारी उगारून समोरासमोर उभे आहेत. आणि तिथेच लेखक सांगतो की पुढची कागदपत्रे मिळाली नाहीत, गोष्ट संपली! मग एके दिवशी तोलेदो शहरातल्या आल्काना बाजारात त्याला एक मुलगा दिसतो. तो रेशमाच्या व्यापाऱ्याला जुन्या वह्या विकतो आहे. वह्यांवरची लिपी अरबी. लेखकाला ती वाचता येत नाही, म्हणून तो वाचणारा शोधतो आणि त्याला तो लगेच सापडतो. हा वाचणारा एक मोरिस्को असतो. मोरिस्को म्हणजे ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या पूर्वजांना जबरदस्तीने ख्रिस्ती केले गेले असे मुसलमान. हा माणूस वही उघडतो आणि हसू लागतो. का हसतोस म्हणून विचारल्यावर तो समासातली टीप वाचून दाखवतो: या इतिहासात जिचे नाव वारंवार येते, त्या दुल्सिनेयाइतके चांगले डुकराचे मांस खारवणे साऱ्या ला मांचात दुसऱ्या कोणा बाईला जमत नसे.

या विनोदाच्या पोटात पुष्कळ काही आहे. अरबी लिपीतल्या मजकुरात डुकराच्या मांसाची तारीफ, आणि ती वाचून हसणारा मोरिस्को. त्या काळात स्पेनमध्ये डुकराचे मांस हा नुसता जेवणाचा प्रश्न नव्हता. ते खाणे म्हणजे आपण 'जुने ख्रिस्ती' असल्याचा पुरावा. ते टाळणारा माणूस धर्मन्यायालयाच्या नजरेत संशयित ठरत असे. म्हणजे किहोतेच्या स्वप्नातल्या राजकन्येचा सर्वांत मोठा गुण काय, तर रक्ताच्या शुद्धतेच्या परीक्षेत ती अव्वल!

ही रक्ताची परीक्षा खरी होती. 1492 साली ग्रॅनडा पडले तेव्हाच्या तहात मुसलमानांना धर्म, कायदा आणि मशिदी राखण्याचे वचन होते. दहा वर्षांच्या आत ते मोडले. कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकुमाने ग्रॅनडाच्या चौकात अरबी पुस्तके जाळली गेली आणि 1502 मध्ये कास्तीलच्या मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या, बाप्तिस्मा किंवा देशत्याग. बाप्तिस्मा घेऊनही सुटका नव्हती. धर्म बदलता येतो, रक्त कसे बदलणार? तोलेदोच्या कॅथेड्रलने 1547 मध्ये नियम केला की ज्याच्या वंशात यहुदी किंवा मुसलमान रक्त आहे त्याला तिथे पद मिळणार नाही. सर्वांतेसचा जन्म त्याच वर्षीचा आणि त्याच्या पुस्तकातला मोरिस्को दुभाषा त्याच कॅथेड्रलच्या ओवरीत बसून मनुका आणि गव्हाच्या मोबदल्यात भाषांतर करायचे कबूल करतो. 1567 च्या शाही हुकुमाने ग्रॅनडाच्या मोरिस्कोंना अरबी बोलणे, अरबी नावे लावणे, आपला पोशाख घालणे, हमामात जाणे, सगळ्याला बंदी झाली. त्यातून बंड झाले. ते चिरडल्यावर हजारो कुटुंबे कास्तीलच्या गावागावांत विखुरली गेली. तोलेदोच्या बाजारात अरबी वाचणारा सहज सापडला याचे कारण हे आहे.

भाषा बुडवता येत नाही, ती लपते. मोरिस्को लोक स्पॅनिश बोली अरबी लिपीत लिहू लागले. या लिखाणाला 'अल्खमियादो' म्हणतात. 1884 साली आरागोन प्रांतातल्या आल्मोनासिद गावात एक जुने घर पाडताना दुहेरी जमिनीत लपवलेली अशी हस्तलिखिते निघाली. पावणेतीनशे वर्षे ती तिथे दडून होती. मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. एका लिपीतली भाषा दुसऱ्या लिपीत लिहून घेण्याची धडपड वर्गात रोज पाहतो. पण घरात कुणी ते लिखाण पाहिले तर जीव जाईल, अशा भीतीने लिहिणे काय असेल, याची कल्पना करवत नाही.

म्हणून सर्वांतेसने आपली गोष्ट अशा एका वहीतून काढली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मात्र इथे आपण घाई करू नये. सर्वांतेस 'आपला' होता असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. तो 1571 च्या लेपांतोच्या लढाईत उस्मानी आरमाराविरुद्ध लढला आणि त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. 1575 मध्ये चाच्यांनी त्याला पकडले. पाच वर्षे तो अल्जीयर्समध्ये कैदेत होता, चार वेळा पळण्याचा प्रयत्न केला आणि खंडणी भरल्यावर सुटला. मुसलमानांविषयी कडवट बोलायला त्याच्याजवळ कारणे होती आणि त्याच्या पुस्तकात तसे बोल आहेतही. अरब लोक खोटारडे असतात, हे वाक्य तर तो इतिहासकाराची ओळख करून देतानाच ऐकवतो. आपली कथा एका मूराने लिहिली हे कळल्यावर खुद्द डॉन किहोतेही अस्वस्थ होतो.

पण गंमत पाहा. 'ही जमात खोटारडी' असे सांगायचे आणि त्याच जमातीच्या माणसाला 'सत्य इतिहासाचा' कर्ता ठरवायचे. वाचकाने आता करायचे काय? पूर्वग्रह खरा मानला तर हातातले पुस्तक खोटे ठरते. पुस्तक खरे मानले तर पूर्वग्रह सोडावा लागतो. सर्वांतेस वाचकाला या कोंडीत उभे करतो आणि पुढे निघून जातो. सांचोला तर ते नावही नीट घेता येत नाही. तो बेनेनहेलीचे 'बेरेनहेना' करतो. बेरेनहेना म्हणजे वांगे. मूर लोकांना वांगी फार आवडतात म्हणून ते नाव असेल, असे तो म्हणतो. शेजाऱ्याविषयी आपल्याला एवढेच ठाऊक असते, तो काय खातो. आणि तो वांग्याचा शब्दही पाहा. मूळ हिंदुस्थानातला, तिथून फारसीत 'बादिंगान', मग अरबीत आणि अरबीतून स्पॅनिशमध्ये. सांचो ज्या शब्दाने परक्याची थट्टा करतो, तो शब्द त्याच्या घरात त्या परक्यानेच आणलेला आहे. पुढे एका ठिकाणी डॉन किहोते स्वतः सांचोला समजावतो की 'अल'ने सुरू होणारे बरेच स्पॅनिश शब्द अरबी आहेत. त्याच्या यादीतला 'आल्ग्वासिल' म्हणजे शिपाई-कोतवाल हा तर आपला वजीर. गावाला बाटवलेले, हाकललेले सगळे जिभेवर मात्र शिल्लक आहे.

दुसऱ्या भागात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे. पेद्रो नावाचा खेळवाला सराईत मुसलमानांच्या ताब्यातून सुटलेल्या एका ख्रिस्ती राजकन्येची कथा दाखवतो. ती नवऱ्यासोबत पळते आहे, मूर तिचा पाठलाग करत आहेत आणि शहरातल्या मशिदींतून घंटा वाजत आहेत. डॉन किहोते लगेच हरकत घेतो: मूर लोकांत घंटा नसतात, नगारे आणि सनईसारखी वाद्ये असतात. खेळवाला म्हणतो, एवढ्या बारीकसारीक गोष्टींना कोण विचारतो! काही क्षणांनी हाच किहोते तलवार उपसून पुठ्ठ्याच्या मूरांची मुंडकी उडवू लागतो.

हा प्रसंग मला पवनचक्क्यांपेक्षा मोठा वाटतो. प्रेक्षकांतल्या एकाही शहाण्याला मशिदीतल्या घंटा खटकल्या नाहीत. शेजारी शेकडो वर्षे राहिलेल्यांविषयी इतके साधे सत्य फक्त वेड्याला माहीत आहे. पण माहिती असणे पुरत नाही. खेळ इतका चांगला वठतो की जाणकाराचाही हात तलवारीकडे जातो. आणि त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. भानावर आल्यावर डॉन किहोते एकेका बाहुलीची किंमत ठरवून खेळवाल्याला भरपाई देतो. जादूगारांनी मला फसवले, असे तो म्हणतो खरा, पण खिशात हात घालतो.

राज्याने तसे केले नाही. पहिला भाग 1605 मध्ये आला, दुसरा 1615 मध्ये. या दोन तारखांच्या मध्ये, 1609 ते 1614, राजा तिसऱ्या फिलिपच्या फर्मानाने जवळपास तीन लाख मोरिस्को स्पेनमधून हाकलले गेले. ते उस्मानींशी आणि चाच्यांशी आतून मिळालेले आहेत, असा आरोप होता. काहींनी संबंध ठेवलेही असतील, बंड तर झालेच होते. पण फर्मानाने दोषी आणि निर्दोष असा भेद पाहिला नाही. मनापासून ख्रिस्ती झालेलेही गेले, शेतात राबणारेही गेले, म्हातारेही गेले. घोड्यावरच्या वेड्याला पवनचक्कीत राक्षस दिसला, तर स्वतः तो पडला आणि त्याचा भाला मोडला. सिंहासनावरच्या शहाण्यांना शेजाऱ्यात शत्रू दिसला आणि तीन लाख लोकांची घरे गेली.

दुसऱ्या भागात सांचोला वाटेत जर्मन यात्रेकरूंचा एक घोळका भेटतो. त्यातला एक जण त्याला मिठी मारतो. तो असतो रिकोते, सांचोच्याच गावातला मोरिस्को दुकानदार, वेष पालटून परत आलेला. दोघे गवतावर बसतात, खातात, पितात. रिकोते सांगतो की आम्ही कुठेही असलो तरी स्पेनसाठी रडतो, कारण तिथेच आमचा जन्म झाला. जर्मनीत माणसांना आपापल्या विवेकाने जगता येते, असेही तो सांगतो. आणि त्याच दमात राजाचा निर्णय योग्यच होता, आमच्यात वाईट लोक होते, अशी ग्वाहीही देतो. काही अभ्यासक या वाक्यावरून सर्वांतेस हकालपट्टीच्या बाजूचा होता असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्याचे घर गेले, बायको-मुलगी दूर अल्जीयर्सला गेली, तो माणूस स्वतःच्या गावच्या मित्रासमोरही आधी आपली राजनिष्ठा सिद्ध करतो. हे कोणत्या भीतीतून येते, ते सांगावे लागू नये. बोलताना पहिले वाक्य नेहमी निष्ठेचे ठेवावे लागते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना रिकोते लगेच कळतो.

सांचो त्याला पुरलेला खजिना काढायला मदत करत नाही. दोनशे एस्कुदो मिळत असूनही नाही, कारण राजाज्ञेची भीती आहे. पण मी तुझी चुगलीही करणार नाही, असे म्हणतो. मग रिकोतेच्या मुलीची आठवण सांगतो. ती गाव सोडून निघाली तेव्हा सगळे गाव बाहेर आले. ती मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडली. तिला लपवावे, वाटेतून परत आणावे असे पुष्कळांना वाटले, पण राजाच्या हुकुमापुढे कोणी धजले नाही. सांचो हा आपल्या जुन्या ख्रिस्ती रक्ताची फुशारकी मारणारा माणूस. पण समोर मोरिस्को नाही, रिकोते आहे, म्हटल्यावर रक्ताचा विषय निघत नाही. गावातल्या चांगल्या माणसांची ही गत होती: डोळ्यांत पाणी, आणि पाय उंबऱ्याच्या आत.

मग या कादंबरीत वेडा कोण? पाद्री आणि न्हावी हे किहोतेचे शहाणे मित्र. ते त्याची पुस्तके अंगणात जाळायला देतात, खोलीचे दार चिणून टाकतात आणि त्याला सांगितले जाते की एक जादूगार आला होता, तोच खोली घेऊन गेला. वेड घालवण्यासाठी शहाण्यांनी वेडाचीच भाषा वापरली! पुढे एक ड्यूक आणि त्याची पत्नी केवळ करमणुकीसाठी किहोते आणि सांचोभोवती खोटी मिरवणूक, खोटे जादूगार, खोटे बेट उभे करतात. तेव्हा सीदी हामेते म्हणतो की थट्टा करणारे हे लोक थट्टेचा विषय झालेल्या दोघांइतकेच वेडे आहेत. या पुस्तकातले सर्वांत धारदार मत एका मुसलमान इतिहासकाराच्या तोंडी आहे. सर्वांतेसने 1615 मध्येच छापलेल्या एका प्रहसनात तर चमत्कारांचा असा खेळ आहे, जो फक्त शुद्ध रक्ताच्या आणि औरस माणसालाच दिसतो. रंगमंच रिकामा आहे. तरी गावातला प्रत्येक प्रतिष्ठित माणूस 'दिसले, दिसले' म्हणून ओरडतो. डॉन किहोतेला निदान खरोखर दिसत होते. या मंडळींना काहीच दिसत नव्हते.

किहोतेला निव्वळ आदर्शवादी नायक ठरवणाऱ्यांशीही मी सहमत नाही. आंद्रेस नावाच्या पोराला मालक झाडाला बांधून फटके मारत असतो. किहोते त्याला सोडवतो, मालकाकडून वचन घेतो आणि समाधानाने निघून जातो. पाठ वळताच मालक पोराला पुन्हा बांधतो आणि दुप्पट मारतो. पुढे तोच पोरगा भेटतो आणि विनवतो की पुन्हा मला कोणी मारताना दिसले तरी मदतीला येऊ नका. पुस्तकातून उचललेला न्याय, ज्याच्यासाठी करायचा त्याच्याकडे न पाहता केला की असा होतो. खुदाई फौजदाराचा हेतू चांगला असला तरी मार दुसऱ्यालाच बसतो, हे सर्वांतेस लपवत नाही.

तरीही शेवटी मन किहोतेकडेच झुकते. मरणशय्येवर तो शुद्धीवर येतो. मी डॉन किहोते नाही, आलोन्सो किहानो आहे, असे सांगतो, चुका कबूल करतो, मृत्युपत्र करतो. त्याच्या वेडाला शेवट आहे. स्पेनने 2015 मध्ये कायदा करून 1492 ला हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्वाची वाट खुली केली. ते चांगलेच झाले. पण त्या कायद्यात मोरिस्कोंच्या वंशजांना जागा नव्हती. ट्युनिशियातल्या तेस्तूरमध्ये, मोरोक्कोतल्या तेतुआन आणि रबातमध्ये त्यांची घराणी आजही आहेत. बाहुल्यांची भरपाई जागच्या जागी देणाऱ्या वेड्याला चारशे वर्षे जग हसते आहे. रिकोतेचे देणे मात्र अजून कोणी दिलेले नाही.